पेटीवरचे नाव

वस्तू तीच आणि तशीच असताना, केवळ तिच्यावर एक नाव आहे म्हणून तिचे अधिक पैसे मागणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न गेले दोन आंब्याचे हंगाम आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. अर्थशास्त्राने त्याचा निकाल आपल्यापुरता केव्हाच लावून टाकला आहे, आणि जाहिरातदारांना तो पडण्याचे कारणच नाही. आम्ही ना अर्थशास्त्रज्ञ, ना व्यापारी. केंद्र सरकारच्या दिल्लीतील एका कार्यालयात खरेदीची टिपणे लिहिणारे आम्ही कारकून, बी. ए. ला तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता, एवढाच काय तो ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार. परंतु हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकांतून आला नाही. तो आंब्याच्या अकरा पेट्यांतून आला. त्या पेट्यांपाशी पोहोचण्यापूर्वी थोडे आडवळण घ्यावे लागेल. वाचकांनी ते सोसावे.

पहिले आडवळण आमच्या मेजावरचे. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत निरनिराळ्या पुरवठादारांचे दर मागवलेले असतात व त्यांचा एक तौलनिक तक्ता करावा लागतो. डाव्या रकान्यात पुरवठादार, उजव्या रकान्यात दर. अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी तो ‘एल-वन’, आणि पुरवठ्याचा हुकूम त्याला. २०१६ पासून ‘जेम’ हे सरकारी खरेदीचे संकेतस्थळ आले, तेव्हापासून तक्ता बहुतेक यंत्रच करते. आमच्याकडे टिपण आणि सही मिळवण्याची पायपीट राहिली आहे. ह्या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण ती मूर्खपणातून जन्मलेली नाही. ती आमच्या भीतीतून जन्मली आहे. आमच्यासारख्या कारकुनाला अमक्याचेच नाव पसंत करण्याची मोकळीक दिली, तर त्या पसंतीमागे काय काय दडेल ह्याचा सरकारला पुरता अनुभव आहे. आकडा मात्र कोणाचा मेहुणा नसतो.

तरीही एका वर्षी आम्ही फाइलींची कव्हरे घेतली, तेव्हाचे आम्हांस विसरता येत नाही. तीन महिन्यांत त्यांच्या कडा उसवल्या, नाड्या तुटल्या, आणि एका जुन्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाची पाने जिन्यावर पसरली. दोष कोणाचा? तक्ता बरोबर होता. टिपण बरोबर होते. पुरवठादाराने मागितलेल्या जाडीचा पुठ्ठा दिला होता, आणि पुढील वर्षी तो पुरवठादारच नव्हता. रागवायला कोणी माणूसच सापडेना. त्या दिवशी जिन्यावर वाकून पाने गोळा करताना आमच्या प्रथम ध्यानात आले, की आमच्या तक्त्यात वस्तू शिरते ती आपले आईबाप बाहेर ठेवूनच शिरते.

अशा वस्तूला बाजारात एक शब्द आहे, ‘माल’. गहू, मीठ, कापूस, आंबा हे शेतावरून निघतात तेव्हा कोणाचे तरी असतात. मंडईत येऊन ढिगात पडले की ते माल होतात. एका मालाचा दुसऱ्या मालापासून फरक करण्यास एकच गोष्ट उरते, ती म्हणजे भाव. एकाने दोन रुपये उतरावे, दुसऱ्याने तीन, आणि तिसऱ्याला उतरण्यास जागा राहिली नाही, की तो गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा ठिकाणी काटकसर करू लागतो. जॉर्ज अकेर्लॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हे फार चांगले दाखवले आहे. विकणाऱ्याला मालाचा गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हाकलला जातो आणि वाईट तेवढा उरतो. त्याचे मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचे होते. परंतु हे गृहस्थ १९६७-६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेलेले होते, आणि त्यांच्या निबंधात बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे व आकाराचे खडे वेचीत बसलेली भारतीय गृहिणीही येते. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात सूप हाती धरून बसलेल्या आमच्या आजीचाही थोडा वाटा आहे, असे आम्ही घरी विनोदाने म्हणतो. ह्या रोगावर अकेर्लॉफ जे उपाय सांगतात त्यांत एक आहे नावाचा. नाव असले म्हणजे फसलेल्या गिऱ्हाइकाला सूड घेता येतो. तो पुन्हा त्या नावाकडे फिरकत नाही.

नाव लावण्याची ही कला काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात येई, तेव्हा तागा आणि तागा ह्यांत फरक करणे कठीण असे. म्हणून पेढ्या त्यांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटवीत; देव, हत्ती, आगबोटी, राजे. अक्षरशत्रू गिऱ्हाईकही दुकानात येऊन चित्रावरून कापड मागे. आपल्या भाषेतील ‘छाप’ हा शब्द असल्याच व्यवहारांत घासूनपुसून लखलखीत झाला. त्या चित्रांपैकी काही इतकी देखणी होती की लोक ती जपून ठेवीत. कापड विरून जाई आणि छाप उरे. आम्हांला ह्या गोष्टीचे कौतुक वाटते आणि थोडी धास्तीही वाटते.

मिठाचे उदाहरण ह्याहून शुद्ध. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात कुलीन-अकुलीन असे काही नाही. आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानाबाहेर मिठाचे पोते उघडे पडलेले असे आणि ते कोणी चोरीत नसे, इतकी त्याची किंमत. ‘टाटा सॉल्ट’ १९८३ साली पिशवीतून आले आणि खड्या मिठापेक्षा महाग असूनही घरोघर शिरले. ही लोकांची फसवणूक होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या पिशवीत आयोडीन होते. आयोडीन डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि त्याच्या अभावी गलगंड व्हायचा तो काही वर्षांनी. जे पारखता येत नाही ते कोणाच्या तरी शब्दावरच घ्यावे लागते. शब्द द्यायला मात्र समोर कोणी तरी उभे असावे लागते. परंतु कच्छच्या छोट्या रणात वर्षातील सात-आठ महिने उन्हात राहून मीठ पिकवणाऱ्या अगरियांचे नाव आम्ही अद्याप कोणत्याही पिशवीवर वाचलेले नाही, हेही ह्याच ठिकाणी नमूद करणे भाग आहे. नाव नेहमी कष्टांपाशीच थांबते असे नाही. पुष्कळदा ते कष्टांवरून पुढे जाऊन कारखान्याच्या फाटकापाशी बसते.

कोलंबियाच्या कॉफीची गोष्ट तर अधिकच पेचाची आहे. त्या देशातील कॉफी उत्पादकांचा महासंघ १९२७ सालचा. त्यांची कॉफी अमेरिकेत जाई, तेथील कंपन्या ती इतर देशांच्या कॉफीत मिसळून आपापल्या डब्यांत भरीत, आणि पिणाऱ्याला कोलंबियाचा पत्ताही लागत नसे. १९५८ साली महासंघाने भाव पाडण्याऐवजी एक माणूस बाजारात पाठवला. हुआन वाल्देझ त्याचे नाव. डोक्यावर गवती टोपी, सोबत कोन्चिता नावाचे खेचर. हा शेतकरी दाणा दाणा हाताने खुडतो, असे त्याने अमेरिकन गृहिणींना सांगितले, आणि काही वर्षांत त्या कोलंबियाची कॉफी नावाने मागू लागल्या. गंमत अशी, की हुआन वाल्देझ कधी जन्मलाच नाही. न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीने त्याला निर्माण केला आणि एका नटाने तो वठवला. मग हे असत्य की सत्य? आम्ही ह्यावर बराच विचार केला. आमचे मत असे, की माणूस खोटा होता पण हवाला खरा होता. कॉफी कोलंबियाचीच होती, ती डोंगरउतारांवर हातानेच खुडली जात होती, आणि ज्या हजारो कुटुंबांसाठी तो उभा होता ती जिवंत होती. खोट्या माणसाने खरी गोष्ट सांगणे आम्हांस क्षम्य वाटते. ह्याच्या उलट प्रकार घडला म्हणजे काय होते, हे आता सांगावयाचे आहे.

आमचे गाव देवगड तालुक्यात. वडिलांच्या वाट्याची कलमे आमच्या चुलतभावाकडेच कसायला आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने मुंबईच्या दलालाकडे माल न देता वीस पेट्या थेट आमच्याकडे दिल्लीस धाडल्या. बारा-बारा फळांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येकीवर गावाचे नाव, आणि भाव बाराशे रुपये. आझादपूरच्या मंडईत ‘हापूस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डझनाचा भाव तेव्हा सहाशेच्या आसपास होता. आमच्या कार्यालयातील बंधू व वसाहतीतील शेजारी ह्यांनी प्रथम कौतुकाने पेट्यांकडे पाहिले, मग भाव विचारला, आणि मग सर्वांनी मिळून एकच प्रश्न केला, ‘सूट काय देता?’

तेरा पेट्या कशाबशा गेल्या, सात उरल्या. आंबा थांबत नाही. आम्ही भावाला फोन करून सांगितले, की उरलेल्या आठशेने देऊन टाकू. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “दादा, कमी भावान दी, माझी ना नाय, पण मगे पेटयेवरचा गावाचा नाव खोड.”

हे आम्हांस तेव्हा कोकणी हट्टाचे बोलणे वाटले. पुढे त्यातील न्याय समजला. काल ज्या तेरा जणांनी बाराशे दिले, त्यांना आजची सूट काय सांगते? कालचा भाव खोटा होता, हे. ज्याने विश्वास ठेवला त्याने अधिक दिले आणि ज्याने घासाघीस केली त्याने कमी, असा व्यवहार ज्या नावाखाली होतो ते नाव पुढल्या वर्षी कोण खरे मानील? आणि बाराशे हा आकडा तरी आला कोठून? झेल्याने एकेक फळ देठासह उतरवायचे, डाग पडलेले, घासलेले, लहान भरलेले फळ बाजूला काढायचे. ते कॅनिंगला जाते, किलोवर, कवडीमोलाने. म्हणजे पेटीतल्या बारा आंब्यांच्या भावात पेटीत नसलेल्या कित्येक आंब्यांची किंमत असते. मंडईतल्या ढिगात ही किंमत धरलेली नसते, कारण तेथे बाजूला काढणारे कोणी नसते. भावाने दुसरा निरोप दिला, की फुकट वाटलेस तरी चालेल, सूट देऊ नकोस. त्याप्रमाणे एक पेटी आम्ही दुपारच्या सुट्टीत कार्यालयाच्या मेजावर कापली. उरलेल्या सहा संध्याकाळपर्यंत पूर्ण भावाने गेल्या. दान आणि सूट ह्यांत हा एवढा फरक असतो हे आम्हांस ठाऊक नव्हते.

२०२३ मध्ये त्याने प्रत्येक पेटीत एक चिठी घातली. तीवर कलमाचे घरगुती नाव, म्हणजे ‘विहिरीवरचे’, ‘गडग्याजवळचे’, ‘आजीचे’, उतरवल्याची तारीख, आणि खाली एक ओळ, की साका निघाल्यास आंबा परत. साका हा हापुसाचा जुना शाप. वरून फळ निर्दोष, कापले की आत पांढरा, पोचट, बेचव गर. बाहेरून तो ओळखता येत नाही. आयोडीनची गोष्ट येथे उलटी लागू पडते. त्या वर्षी नऊ आंब्यांत साका निघाला आणि नवांचे नऊ आंबे भरून दिले. तळमजल्यावर एक आजी राहतात. सासर मालवणकडचे, पण दिल्लीत चाळीस वर्षे गेली. त्यांनी चिठ्या पोथीत जपून ठेवल्या. भावाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. जाहिरात म्हणतात ती ह्याहून निराळी काय असते, हे आम्हांस तरी सांगता येणार नाही.

आता २०२४. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाळीस पेट्या निघाल्या. वाहतुकीत कोठे तरी घोळ झाला, मालमोटार दोन दिवस उन्हात उभी राहिली, आणि अकरा पेट्यांतील फळ आंबून गेले. सर्व पेट्यांचे पैसे लोकांनी आगाऊ दिलेले. भावाला त्या वर्षी अवकाळी पावसाने आधीच बुडवले होते. त्याला हे सांगण्याचा आम्हांस धीर झाला नाही. आम्ही पहाटे आझादपूरला गेलो, धारवाडकडचा हापूस पारखून घेतला, घरी येऊन तो भावाच्या रिकाम्या पेट्यांत भरला, आणि वर त्याच्या चिठ्या ठेवल्या.

आंबा उत्तम होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाचीही तक्रार आली नाही. दोघांनी तर यंदाचा माल गेल्या वर्षीपेक्षा सरस म्हणून सांगितले. तळमजल्यावरच्या आजी नातवाला सांगत होत्या, “हे विहिरीवरच्या कलमाचे. मुळाला पाणी असते ना, म्हणून इतके गोड.” आम्ही जिन्यात उभे राहून ते ऐकले.

मग नुकसान कोणाचे झाले? गिऱ्हाइकाला गोड आंबा मिळाला. भावाला तोटा झाला नाही. धारवाडच्या शेतकऱ्याला मंडईचा भाव मिळाला. आम्ही एक पैसा खाल्ला नाही, उलट पहाटेची झोप आणि रिक्षाभाडे पदरचे घातले. उपयुक्ततावाद्यांच्या तक्त्यात आमचे कृत्य ‘एल-वन’ ठरते. हे सर्व आम्ही रात्री सौभाग्यवतींना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “नुसता आंबाच पुरेसा होता, तर मग चिठ्या कशाला घातल्या?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या रात्री आले नाही, आणि झोपही आली नाही. चिठ्या घातल्या, कारण चिठ्यांवाचून तो आंबा सहाशेचा होता. उरलेल्या सहाशेत आम्ही विहीर विकली, गडगा विकला, आजीचे कलम विकले, आणि त्यांपैकी काहीही पेटीत नव्हते.

कांटने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक दुकानदार आहे. अजाण गिऱ्हाइकालाही तो वाजवी भाव लावतो; लहान मूल गेले तरी ते फसत नाही. परंतु कांट विचारतो, की हे कर्तव्य म्हणून, की धंद्याच्या हिताचे म्हणून? महाविद्यालयात हा प्रश्न आम्हांस केस पिंजण्यासारखा वाटे. वाजवी भाव मिळाला ना, मग हेतू कशाला उकरायचा? नावाच्या व्यापाराची सगळी मजबुती तर ह्याच्यावरच उभी आहे, की नावाच्या धन्याला प्रामाणिक राहण्यात फायदा असतो. अकेर्लॉफच्या उपायाचे मर्म तेच. पण त्या अकरा पेट्यांपुरता फायदा दुसऱ्या बाजूला होता. सत्य सांगितले असते तर नाव डागाळले असते, असत्याने ते अधिक उजळले. सूड घेण्यास गिऱ्हाईक समर्थच नव्हते, कारण त्याला कळणारच नव्हते. आणि नाव द्यायचे असते तेच मुळी गिऱ्हाइकाला कळत नाही अशा गोष्टीसाठी. जे त्याला कळते ते तो स्वतः पाहून घेतो. कांटचा दुकानदार आमच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा आमच्या हातात चिठ्या होत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात येण्यास उशीर लागला. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे आपण म्हणतो. येथे प्रकार उलटा होता, वाळा सोन्याचाच होता. धारवाडकडच्या त्या कोणा शेतकऱ्याने उत्तम आंबा पिकवला होता, इतका की कोकणात जन्मलेल्या जिभाही त्यावर लुब्ध झाल्या. त्याची ती वाहवा आम्ही आमच्या गावाच्या खात्यावर जमा केली. कोकणातला हापूस म्हणून परका आंबा विकतात ह्याबद्दल आमच्या भागात मोठी ओरड आहे, आणि ती रास्त आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या पाच जिल्ह्यांच्या हापुसाला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली ती त्या झगड्यातूनच. त्याआधी २००४ मध्ये दार्जिलिंगच्या चहाला देशातली अशी पहिली नोंदणी मिळाली, तिच्यामागेही हेच दुखणे होते. ह्या ओरडीत आपण नेहमी आपल्या हिरावलेल्या नावाविषयी बोलतो. ज्याला दुसऱ्याचे नाव लावून विकले जाते त्याचेही नाव गेलेले असते, हे आम्हांस स्वतः ते पुसल्यावर कळले. तसे पाहिले तर ‘हापूस’ हा शब्दही अफोन्सो ह्या पोर्तुगीज नावाचा अपभ्रंश. पण त्याला चार शतकांहून अधिक काळ लोटला, आणि मुदत संपलेल्या दाव्यांची आम्हांस नोकरीमुळे सवय आहे.

ह्या मासिकाच्या वाचकांना हे सर्व आंब्यापुरतेच वाटणार नाही, असे वाटते. आपण परमुलखात येतो तेव्हा आपल्या कपाळावरही एक चिठी असते. दिल्लीच्या कार्यालयांत ‘मराठी माणूस’ म्हटले की थोडा रुक्ष, बोलण्यात बेचव, पण व्यवहाराला सरळ, असा एक समज आहे. तो आपण कमावलेला नाही. चिंतामणराव देशमुखांसारख्यांनी तो कमावला, आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीएक अनामिक कारकुनांनी तो टिकवला. नव्या विभागात रुजू होताच आमच्यावर किल्ल्या सोपवल्या गेल्या, त्या आमचा चेहरा पाहून खास नव्हेत. असो.

२०२५ च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर निराळा क्रमांक असलेली चिकटपट्टी आणली आहे. तो क्रमांक मोबाइलवरून धाडला की आंबा कोणाचा, कोणत्या गावचा ते कळते. आमच्या भावाच्या फळांवरही ती आली. आम्ही केले ते आता तितके सोपे राहिलेले नाही, ह्याचे आम्हांस समाधान आहे. यंत्राने सक्तीने करवलेल्या सरळपणाला कांट किती गुण देईल, ह्याची मात्र शंका येते.

भावाला आम्ही त्याच पावसाळ्यात सर्व सांगितले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. पेट्या नासल्या असे मला सांगितले असते तर मी लोकांना तसे कळवले असते, एवढेच म्हणाला. संध्याकाळी त्याने सहा हजार सहाशे रुपये आमच्या खात्यावर पाठवले, अकरा घरांचा फरक. आम्ही ते घेऊन घरोघर गेलो. एका गृहस्थांनी पैसे परत ढकलले आणि आमच्यावरच चिडून म्हणाले, की आंबे झकास होते, तुम्ही हे आत्ता कशाला सांगितले? त्यांची चीड आम्हांस समजली. दोघे हसले. एकीने पुढील वर्षापासून आंबे घेणे बंद केले. तो तिचा हक्क आहे. तळमजल्यावरच्या आजींनी पोथी उघडून ‘विहिरीवरचे’ ही चिठी बाहेर काढली, चष्मा लावून ती पुन्हा एकदा वाचली आणि विचारले, “मग ते धारवाडकडचे झाड कोणते हो?” आम्हांस सांगता आले नाही.

दहा घरे झाली. अकरावे कुटुंब आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होते. २०२४ च्या जूनमध्ये त्यांची बदली शिलाँगला झाली आणि तेथूनही ते पुढे कोठे तरी गेले. त्यांचा नवा पत्ता आम्हांस मिळालेला नाही. हे मासिक ते नियमाने घेत असत. त्यांच्या दृष्टीस हा मजकूर पडला, तर त्यांच्या पेटीतील बारा आंबे आमच्या गावचे नव्हते. चिठीवर ‘गडग्याजवळचे’ असे लिहिले होते. त्यांचे सहाशे रुपये आमच्या कपाटात वरच्या खणात पाकिटात ठेवले आहेत.